शिवाजीनगरच्या स्थळासाठी खाल्लेली रताळी

बेंगळुरूहून आल्यापासून जो तो विचारतो, बागा पाहिल्या का, राजवाडा पाहिला का, हवा खरंच इतकी गार असते का. बागा मी पाहिल्या नाहीत. राजवाड्यावरून रिक्षा गेली तेव्हा माझं लक्ष समोरच्या डोशाच्या पाटीकडे होतं. हवा गार होती हे खरं, पण उपाशी माणसाला ती जरा जास्तच गार लागते. त्या शहरात मी जे डोळे भरून पाहिलं ते म्हणजे रताळं. तुपातलं, तेलातलं, तेलाशिवाय तळलेलं आणि एकदा तर दोनदा तळलेलं. बागांची माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं.

कराडला माझं चष्म्याचं दुकान आहे. थोरली बहीण, ताई, दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिचा मुलगा निनाद बेंगळुरूला इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करतो. तिथे शिवाजीनगरात याच्या कोटाचं बटण तुटलं, ते बदलायला हा एका दुकानात शिरला, आणि पुढे वर्षभर याच्या कपड्यांची बटणं वरचेवर तुटायला लागली. दुकानात संध्याकाळी बसणारी मुलगी म्हणजे श्रुती. दिवसा शाळेत गणित शिकवते. घर मराठी, पण तीन पिढ्या तिथेच काढलेलं. दोघांनी एकमेकांना पसंत केलं आणि निनादने ते फोनवर आईला सांगितलं. आपल्या आधी कुणी काही पसंत करावं हे ताईला आजवर चाललेलं नाही. साडीपासून सुनेपर्यंत सगळं आधी तिला पटावं लागतं.

"तू जा आणि घर बघून ये," ती मला म्हणाली. "नवरात्रातच जा. सणासुदीला घराचं खरं रूप कळतं."

मी एका पायावर तयार झालो. घर बघण्यात मला काडीचा रस नव्हता. मला डोसे खायचे होते. रव्याचा खारा भात, पुळियोगरे म्हणजे चिंचेचा भात, लोण्यातला डोसा, फिल्टर कॉफी, असा माझा कार्यक्रम मनात पक्का झाला होता. गाडी कोल्हापूरच्या पुढे गेल्यावर ताईचा फोन आला.

"मी मुलीच्या आईशी बोलले आहे. आमच्याकडे नऊ दिवस कडक उपास असतात म्हणून सांगितलंय. तू तर फारच कडक, असंही सांगितलंय. साबुदाणा तुला बाधतो, बटाट्याने पोट फुगतं, वरी त्यांच्याकडे मिळेल न मिळेल. तेव्हा म्हटलं, त्याला रताळं चालतं."

साबुदाणा बाधतो हे खरं आहे. बाकी मी नवरात्रात आरतीच्या आधी न्याहारी करणारा माणूस. मी म्हटलं, "ताई, अगं माझा कुठे उपास असतो?"

"तुझ्यासाठी नाही सांगितलं. घराण्यासाठी सांगितलं. त्यांना कळू दे आपण कोण आहोत ते. चार दिवस रताळी खाल्लीस म्हणून मरत नाहीस. आणि माझा शब्द खाली पडला ना, तर हे लग्न विसरायचं. निनादलाही तसंच सांगितलंय मी."

मागून दाजींच्या खोकण्याचा आवाज आला. ताईच्या संसारात दाजींना तेवढीच मुभा आहे. मी बरं म्हटलं. एका पोराचं लग्न माझ्या पोटावर येऊन बसलं होतं.

पंचमी, शिवाजीनगर

सकाळी उतरलो तेव्हा शिवाजीनगर पूर्ण जागं झालेलं होतं. बसस्टँडच्या बाहेर फुलांचे ढीग, पलीकडे जुन्या गाड्यांचे पार्ट विकणारे, त्यांच्यामध्ये चहाच्या टपऱ्या, आणि प्रत्येक रिक्षावाला मला जिथे जायचं नव्हतं तिथे न्यायला तयार. दुकान एका अरुंद रस्त्यावर होतं, वर घर. दुकानात भिंतभर बटणांच्या पेट्या, अस्तराचे तागे, चेन, दोरे. गळ्यात टेप अडकवलेले श्रुतीचे वडील, ज्यांना सगळं शिवाजीनगर अण्णा म्हणतं, पायऱ्या उतरून खाली आले.

"या मामा, या. स्वल्प चहा घेणार की उपासाला चहाही नाही?"

"चहा चालतो," मी घाईघाईने म्हटलं. ताईने चहाचं काही सांगितलं नव्हतं हे नशीब.

वर गेलो तर खोलीच्या एका भिंतीला पायऱ्यांवर बाहुल्या मांडलेल्या. लाकडी राजा-राणी, दशावतार, वाणी-वाणीण, आणि खालच्या पायरीवर प्लास्टिकची क्रिकेट टीम, कारण तीही बाहुल्यांतच जमा. आपल्याकडे घट बसतात आणि घरातली माणसं उपाशी बसतात. यांच्याकडे बाहुल्या बसतात आणि घरातली माणसं व्यवस्थित जेवतात. रोज वेगळा नैवेद्य, रोज संध्याकाळी येणाऱ्या-जाणाऱ्याला हरभऱ्याची उसळ. उपास कुणाचाही नाही. श्रुतीची आई, जिला घरातले आणि शेजारचे सगळे अक्का म्हणतात, हे सांगताना ओशाळली.

"तुमच्याकडे एवढं कडक आणि आम्ही असे खात सुटतो. लाज वाटते बघा."

दुपारी पानं मांडली. अण्णांच्या पानात लिंबाचा भात म्हणजे चित्रान्न, भिजल्या डाळीची कोसंबरी, वांग्याची भाजी, वर ओबट्टू, म्हणजे आपल्या पुरणपोळीची पातळ, मऊ, तुपात न्हालेली बहीण. माझ्या पानात रताळं.

ते कसं केलं होतं ते सांगतो, कारण पुढचे दिवस माझ्याकडे दुसरं काही सांगण्यासारखं नाही. आपण कराडकडे रताळं कच्चंच चकत्या करून तव्यावर तुपात टाकतो, झाकण ठेवतो, मऊ झालं की उलटून वर साखर भुरभुरतो. अक्कांनी ते आधी सालासकट अर्धवट उकडलं होतं, मग सोलून उभे जाड काप केले होते आणि लोखंडी तव्यावर मंद आचेवर कडा तांबूस होईपर्यंत सोडून दिलं होतं. वरून साखरेऐवजी गुळाचं पाणी, थोडी सुंठ, भाजलेले तीळ. गूळ कडांना धरून करपल्यासारखा झाला होता आणि आत रताळं लोण्यासारखं होतं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. मी भराभर खाल्लं. तीच चूक झाली. मला रताळं फार आवडतं अशी अक्कांची खात्री पटली आणि त्या अजून घेऊन आल्या.

"पुरे, अक्का, पुरे."

त्यांनी अजून दोन काप वाढले. शाळेतून लवकर आलेली श्रुती समोर बसली होती. बारीक अंगाची, चष्मा लावणारी मुलगी. चष्म्याची काडी सैल होती, हे मी धंद्याच्या सवयीने आल्या आल्या पाहिलं होतं. ती म्हणाली, "मामा, पुरे म्हणू नका. साकु म्हणा. साकु म्हटलं की इथे वाढणारा हात थांबतो."

मी साकु म्हटलं. अक्का खरोखर थांबल्या. मला आश्चर्यच वाटलं. ताईच्या घरी नको म्हटलं की माणूस लाजतोय असं धरून दुप्पट वाढतात, आणि तिसऱ्यांदा नको म्हटलं की ताई रुसते. दाजींचं पोट त्यातूनच सुटलंय.

संध्याकाळी शेजारच्या बायका बाहुल्या पाहायला आल्या. अक्का प्रत्येकीला माझ्याकडे बोट दाखवून कन्नडमध्ये काहीतरी सांगत होत्या आणि त्यात गेणसु हा शब्द येत होता. गेणसु म्हणजे रताळं, एवढं कन्नड मला दुपारीच आलं होतं. एक म्हाताऱ्या बाई पुढे झाल्या आणि चक्क माझ्या पाया पडल्या. मीही निर्लज्जासारखा आशीर्वाद दिला. पोटात कावळे ओरडत होते.

षष्ठी, एचएसआर लेआउट

निनाद मला त्याच्या फ्लॅटवर घेऊन गेला. एचएसआर लेआउट हा भाग असा आहे की तिथे प्रत्येक कोपऱ्यावर एक कॅफे आहे, आणि प्रत्येक कॅफेत तरुण पोरं लॅपटॉप उघडून कुणालातरी काहीतरी समजावून सांगत बसलेली असतात. ऐकणाऱ्यालाही ते पटलेलं नसतं, पण तोही मान हलवतो.

निनादने स्वतःसाठी चिकन बर्गर मागवला.

"अरे, तुझे उपास?"

"मामा, तू पण ना. आईला सांगू नकोस हं." तो सहज म्हणाला. "रोज सकाळी तिला फोनवर सांगतो, फळं खाल्ली म्हणून. तिला बरं वाटतं, आपलं काय जातं? तू काय घेणार?"

मी म्हटलं, बर्गरच घेतो. तेवढ्यात तो म्हणाला, "नको, थांब. अक्का उद्या मला विचारतील, मामांनी तिकडे काय खाल्लं. कशाला रिस्क? तुझ्यासाठी रताळ्याचे फ्राइज सांगतो."

स्वतः चिकन खाऊन मला रताळं सांगणारा भाचा फक्त आमच्याच घराण्यात निपजू शकतो. फ्राइज आले ते खेळण्यातल्यासारख्या छोट्या जाळीच्या टोपलीत, खाली कागद. बोटाएवढ्या कांड्या, वर लाल तिखटाची भुकटी, शेजारी वाटीत काहीतरी पांढरं. कुरकुरीत होते, पण तो कुरकुरीतपणा कॉर्नफ्लोअरचा होता, रताळ्याचा नव्हे. म्हणजे उपासालाही चालणारे नव्हते. ज्या उपासासाठी मला बर्गर मिळाला नाही तो या टोपलीत मोडला, आणि त्याचं सुखही मिळालं नाही.

संध्याकाळी फ्लॅटवर निनादच्या एका मित्राने माझी कीव येऊन एअर फ्रायरमध्ये रताळं तळलं. तळलं हे त्याचं म्हणणं. यंत्रात तेल नव्हतं, तूप नव्हतं, फक्त गरम वारा होता. तेलाशिवाय तळण म्हणजे नवरीशिवाय लग्न. बाहेर आलेले तुकडे वरून चामड्यासारखे आणि आतून पिठूळ होते. मित्र अभिमानाने म्हणाला, "अंकल, झीरो ऑइल." मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळले.

निनाद त्या वेळी ऑफिसच्या कॉलवर होता. हाताखालच्या पोरांना तो खणखणीत आवाजात नाही, हे असं चालणार नाही, असं सांगत होता. मी कौतुकाने ऐकत होतो. मग ताईचा फोन आला आणि त्याचा आवाज शाळकरी पोरासारखा झाला. "हो आई. केळं खाल्लं आई. झोपतोच आता." मला हसू आलं. आमच्या घरात ताईपुढे सगळ्यांचाच आवाज असा होतो, त्यामुळे त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

सप्तमी, जोशींच्या घरी

जोशी म्हणजे दाजींचे जुने वर्गमित्र. सरकारी कारखान्यात विमानाच्या सुट्या भागांवर जन्म काढून निवृत्त झालेले इंजिनियर, आणि बेंगळुरूतच घर बांधून राहिलेले. अण्णांच्या घराशीही त्यांची जुनी ओळख, तेव्हा स्थळाबद्दल चार शब्द विचारावेत म्हणून मी गेलो. अक्कांनी त्यांना आधीच फोन करून माझ्या उपासाची बातमी पोचवली होती. जोशी ॲप्रन घालूनच दारात आले.

"रताळं तळणं लोकांना कळत नाही," ते म्हणाले, "कारण त्यांना स्टार्च कळत नाही."

त्यांनी व्हर्नियर कॅलिपर काढला. मी चेष्टा करत नाही. चकत्यांची जाडी कॅलिपरने मोजली आणि ज्या जाड भरल्या त्या बाजूला काढल्या. मग मिठाच्या बर्फगार पाण्यात भिजत घातल्या. मग फडक्यावर पसरून पंख्याखाली वाळवल्या. तेलात थर्मामीटर बुडवून पहिलं तळण कमी आचेवर. मग विश्रांती. रताळ्याला, मला नव्हे. त्या विश्रांतीत त्यांनी स्टार्चची साखर कशी होते ते सांगितलं, आणि मला भुकेने घेरी कशी येते ते मी अनुभवलं.

"अहो, ते विमान आहे का?" जोशीकाकू आतून म्हणाल्या. "माणूस उपाशी आहे."

"घाई केली की तळण बिघडतं," जोशी म्हणाले.

मधल्या वेळात मी स्थळाचा विषय काढला. जोशी म्हणाले, "घर सोन्यासारखं आहे. मुलगी तर फारच सरळ. तुमच्याकडे टिकेल का, हा प्रश्न आहे."

"म्हणजे काय?"

"वहिनींना मी ओळखतो," एवढंच म्हणून ते दुसऱ्या तळणाकडे वळले. दुसरं तळण कडक आचेवर, मोजून. काप ताटात आले तेव्हा खरंच अप्रतिम दिसत होते, सगळे एका मापाचे, एका रंगाचे. मी पहिला उचलला तोच जोशी म्हणाले, आता आरती करून घेऊ, मग खा. आरती झाली. त्यांच्या आरतीत घरातल्या प्रत्येकाची एक आवडती आरती असते असं दिसलं. काप गार झाले होते आणि कॅलिपरने मोजलेला कुरकुरीतपणा गेला होता.

अष्टमी, पुन्हा शिवाजीनगर

अष्टमीच्या दुपारी माझा धीर सुटला. अक्कांनी सकाळी रताळ्याचा कीस केला होता, जिऱ्या-मिरचीचा, शेंगदाण्याचं कूट घातलेला. उत्तम होता. पण स्वयंपाकघरात पुळियोगऱ्याची फोडणी पडली आणि चिंच-गूळ-हिंगाचा तो वास माझ्यापर्यंत आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण आलं खरं. पन्नाशी उलटलेला माणूस भाताच्या वासाने रडायला लागतो म्हणजे ताईच्या शब्दाचं वजन किती असेल ते बघा.

पाय मोकळे करून येतो म्हणून मी निघालो आणि बाजाराच्या मागच्या गल्लीत बज्जीची गाडी गाठली. मोठी कढई, उकळतं तेल, गाडीवाल्याच्या हाताला कोपरापर्यंत पीठ. मी हिंदीत मिरची बज्जी मागितली. त्याने कागदावर चार-पाच बज्ज्या टाकल्या. मी इकडेतिकडे पाहिलं आणि पहिलीचा लचका तोडला.

आत रताळं होतं.

गाडीवाला म्हणाला, मिक्स प्लेट आहे, मिरची खाली आहे. मी हसू की रडू अशा अवस्थेत चावत राहिलो. आणि खरं सांगतो, सगळ्या प्रवासातलं सगळ्यात चांगलं तळलेलं रताळं ते होतं. पातळ लांब काप, वर डाळीच्या पिठाचं कवच, त्यात ओवा आणि थोडं तांदळाचं पीठ. कवच तिखट-खारट, आत रताळं नुसतं वाफेवर शिजलेलं, गोड. खाली मिरचीही निघाली. मी दुसरी प्लेट मागितली.

"मामा."

मागे श्रुती उभी होती. शाळेतून येत होती, खांद्याला पिशवी. माझ्या तोंडात मिरची होती, त्यामुळे माझ्या डोळ्यांतून पाणी आलं त्याला दुसरं कारण शोधायची गरज पडली नाही.

"अहो, सावकाश खा," ती म्हणाली. गाडीवाल्याकडून तिनेही एक प्लेट घेतली आणि माझ्या शेजारी उभी राहून खायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुमचा उपास नाहीच ना? पंचमीला तुम्ही अण्णांच्या पानाकडे बघत होतात तेव्हाच मला वाटलं होतं. मग सांगितलं का नाहीत? अण्णा हसले असते आणि पान वाढलं असतं."

"ताईने शब्द दिला होता."

"तुमच्या पोटाचा?"

मी म्हटलं, "आमच्याकडे असंच असतं गं. ताईला दुखवायचं नाही. निनादसुद्धा तिकडे बर्गर खातो आणि आईला केळं सांगतो." मी हे विनोद म्हणून सांगितलं. आमच्या घरात ही गोष्ट हसण्यावारीच जाते.

श्रुती हसली नाही. तिने हातातली बज्जी कागदावर परत ठेवली.

"म्हणजे मी तुमच्याकडे आले की मीही हेच करायचं? भूक असताना पोट भरलं सांगायचं, आणि नको असताना हवं?"

मी नेहमीचं ठेवणीतलं उत्तर काढलं, "हळूहळू सवय होते."

"तीच भीती वाटते मला," ती म्हणाली. तिने चष्मा काढून पुसला, आणि मला पहिल्यांदा कळलं की या पोरीचा त्याच्यावर खरंच जीव आहे. "मामा, मला निनाद फार आवडतो. उपास करतो की नाही, बर्गर खातो की काय, याचं मला काही नाही. पण वर्षभर मी बघते आहे, आईचा फोन आला की तो दुसराच कुणी होतो. उद्या आमच्याकडे आयुधपूजेला त्याला जेवायला बोलावलंय. मी त्याला स्पष्ट सांगितलंय, येण्याआधी आईला सांग, मी उपास करत नाही म्हणून. एवढंच. बाकी मला काही नको. तो हो म्हणालाय."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी लग्नाला नाही म्हणेन," ती म्हणाली.

कराडहून मी मुलगी बघायला आलो होतो. इथे परीक्षा भलत्याचीच चालली होती आणि त्याला पेपर आधीच फोडून दिला होता. मला वाटलं, एवढं तर तो करेल.

नवमी, आयुधपूजा

त्या दिवशी शिवाजीनगरात चाकं असलेली प्रत्येक वस्तू नवरीसारखी सजते. रिक्षांना केळीचे खुंट, बसला झेंडूचे हार, स्कूटरच्या चाकाखाली लिंबू. दुकानात अण्णांनी कात्री, टेप, जुनं शिलाई मशीन, वजनाचा काटा, सगळ्याला हळदकुंकू लावलं. श्रुतीने आपला खडू आणि कंपास मांडला. मग अण्णांनी कोहळ्यात कुंकू भरून तो रस्त्यावर आपटून फोडला. गल्लीभर लाल फोडी पसरल्या आणि मोटरसायकलवाले त्यातून घसरत, शिव्या घालत, हसत गेले.

निनाद झब्बा घालून आला, छान दिसत होता. श्रुतीने जिन्यातच विचारलं, "सांगितलंस?"

"बोलतो गं. आज बोलतोच. ती पूजेत होती सकाळी."

पानं मांडली. निनादच्या पानात सगळं आलं, पुळियोगरे, कोसंबरी, दोन भाज्या, वडा, पायसम. माझ्या पानात अक्कांनी रताळं वाढलं, गुळातलं, आणि कौतुकाने निनादच्या पानाच्या कोपऱ्यातही दोन काप ठेवले. श्रुती ओबट्टूचं ताट घेऊन वाढत होती. अण्णांनी जेवायला सुरुवात करा म्हटलं आणि निनादचा फोन वाजला. ताई. व्हिडिओ कॉल.

तो वाजणारा फोन सगळ्यांनी पाहिला. निनादने श्रुतीकडे पाहिलं. तिने ताट खाली ठेवलं नाही, ती तशीच उभी राहिली. मी मनात म्हणत होतो, बोल, लेका, बोल.

"काय रे, बसलात का जेवायला?" ताईचा आवाज खोलीभर झाला. "तुझ्या पानात काय आहे? दाखव बघू."

निनादने फोन खाली नेला. सावकाश, फार काळजीने, त्याने तो असा तिरका धरला की केळीच्या पानाचा फक्त तो कोपरा दिसावा.

"रताळं आहे आई," तो म्हणाला. "दुसरं काय असणार?"

"शहाणा माझा. मामाला दे."

फोन माझ्या हातात आला. ताईचा चेहरा पडद्यावर, तृप्त. तिने विचारलं, "सगळं व्यवस्थित ना रे? शब्द राखलास ना?" आणि मी, बावन्न वर्षांचा बाप्या, मान डोलावली. सवयच तशी आहे.

फोन बंद झाला. निनादने सुटकेचा श्वास सोडला आणि वडा उचलला. "झालं. आई खूश, आपणही खूश. उगाच सणाच्या दिवशी कशाला?" अण्णा आणि अक्का काही न समजून हसले. श्रुतीने त्याच्या पानात ओबट्टू वाढला, वर तूपही वाढलं, आणि पुढे गेली. तो पोटभर जेवला.

जेवणं झाल्यावर ती त्याला सोडायला खाली गेली. बराच वेळ दोघं दुकानाच्या पायरीवर बोलत होते, मग एकटी वर आली. डोळे लाल होते, पण चेहरा धुऊन आली होती. अण्णा सुपारी कातरत बसले होते.

"अण्णा, मला हे लग्न नको."

अण्णांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "विचार केलास?"

"केला."

"सरी," अण्णा म्हणाले, म्हणजे ठीक आहे. अक्कांनी पदर तोंडाला लावला. ना आकांत, ना लोक काय म्हणतील. मला एवढं वाईट वाटलं की त्या खोलीत बसवेना. त्यातलं बरंचसं माझ्यासाठीच वाटलं, कारण अशा घरात येण्याची संधी आमच्या हातून गेली होती.

निघताना मी तिच्या चष्म्याची काडी घट्ट करून दिली. माझ्याजवळ पेचकस असतोच. तिने तो लावून पाहिला आणि म्हणाली, "मामा, तुम्ही या परत. कधीही या. एकटे या."

कराड

ताईला निनादने फोनवर काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. मी पोचलो त्या संध्याकाळी तिच्याकडे शेजारच्या बायका सोनं द्यायला आल्या होत्या. दाजी कोपऱ्यात पेपर धरून. ताईने मला चहा दिला आणि त्या बायकांना सांगायला लागली, "स्थळ तसं बरं होतं हो. पण घरात ना उपास ना तापास. नवरात्रात वडे खातात. शेवटी आम्हीच नको म्हणून कळवलं. माझा भाऊ स्वतः पाहून आलाय, विचारा त्याला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कप खाली ठेवला.

"तसं नाही ताई," मी म्हटलं. "मुलीने नको म्हटलं. आपल्या पोराला तुझ्यापुढे खरं बोलता येत नाही म्हणून नको म्हटलं. आणि माझा एकही उपास नव्हता. मी बज्ज्या खाल्ल्या."

दाजींच्या हातातला पेपर खाली आला. ताईचा चेहरा लाल झाला.

"तू गप्प बस," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नाही."